अळिंबीचे द्रव बियाणे : कुकरची शिट्टी आणि गावाची शिस्त

हिवरे बाजारचे नाव निघाले की आपल्याला पाणी आठवते. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान आणि शेतीसाठी बोअर न घेण्याचा ठराव ही सगळी त्या गावाची ओळख आहे. श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या सुमारास सुरू झालेल्या या कामाला २०२० साली पद्मश्रीचा मान मिळाला. पण बंधूंनो, त्या गावाचे खरे मर्म बांधबंदिस्तीत नाही, हिशेबात आहे. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, त्यावर कोणते पीक घ्यायचे आणि कोणते घ्यायचे नाही, हे ग्रामसभेत मोजून ठरते. एकाने नियम मोडला तर त्याचा फटका सगळ्यांच्या विहिरींना बसतो, हे तिथल्या प्रत्येकाला कळलेले आहे. आज आपण एका अगदी वेगळ्या विषयावर बोलणार आहोत, पण शिस्त तीच लागणार आहे. विषय आहे अळिंबीचा, म्हणजे मशरूमचा, आणि त्यातही घरी बाटलीत वाढवल्या जाणाऱ्या द्रव बियाण्याचा, ज्याला सगळे ‘लिक्विड कल्चर’ म्हणतात.

धिंगरी अळिंबी आता आपल्याकडे नवलाची राहिलेली नाही. गव्हाचे काड, सोयाबीनचा भुसा, एक सावलीची खोली आणि थोडे पाणी एवढ्यावर ती येते. बचत गटाच्या ताई ती करतात, दुधाच्या जोडीला तरुण मुले करतात. सगळ्यांची अडचण एकच, ती म्हणजे बियाणे वेळेवर मिळत नाही. दुरून मागवले तर उन्हाळ्यात गाडीतच तापून मरते. म्हणून काही मंडळी आता घरीच बियाणे करू लागली आहेत. साखरेच्या किंवा मधाच्या पाण्यात बुरशीचे धागे वाढवायचे आणि ते पाणी सुईने धान्याच्या पिशवीत सोडायचे, अशी ही रीत. काम झटपट होते, खर्च कमी येतो. पण इथेच घात आहे.

घात कसा, तो आकड्यात बघा. अर्धा लिटरची एक बाटली तयार झाली आणि धान्याच्या किलोभर पिशवीला ५ मिलिलिटर असे दिले, तर १०० पिशव्या बियाणे होते. एका किलो बियाण्यात साधारण १० बेड भरतात. म्हणजे एका बाटलीच्या पोटात १,००० बेड आहेत. बाटली शुद्ध असेल तर सोने, नासकी असेल तर हजार बेडांची माती. एक नासका आंबा आढी नासवतो म्हणतात. इथे तर आढी भरायच्या आधीच नासलेली असते, आणि ते आपल्याला पंधरा दिवसांनी कळते.

धान्यावर घाण शिरली तर हिरवा-काळा डाग दिसतो, तेवढी पिशवी बाजूला काढता येते. पाण्यात तसे होत नाही. अनुकूल हवामानात काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. रात्री दहाला एकच शिरला असे धरा. सकाळी सहापर्यंत चोवीस वेळा दुप्पट होऊन त्याचे १ कोटी ६७ लाख झालेले असतात. अळिंबीच्या धाग्यांना मात्र बाटली धरायला आठ ते पंधरा दिवस लागतात. ही शर्यत अळिंबी जिंकू शकत नाही. म्हणून शर्यत लागूच द्यायची नाही, एवढाच उपाय.

बरेच जण विचारतात की काड नुसते गरम पाण्यात बुडवून चालते, मग साखरेचे पाणी चुलीवर खळखळ उकळले तर का चालत नाही? याला कारण आहे. काडात सहज खाता येईल असे अन्न थोडे असते, शिवाय भरपूर बियाणे घातल्यामुळे अळिंबी त्यावर पटकन कब्जा करते. साखरेचे पाणी म्हणजे वाढून ठेवलेले ताट. जो आधी येईल तो जेवणार. आणि मातीतले काही जिवाणू असे आहेत की ते स्वतःभोवती टणक कवच करून बसतात. १०० अंशांच्या उकळीत ते तासन्‌तास तग धरतात, पाणी निवले की पुन्हा उठतात. त्यांना मारायला १२१ अंश लागतात, आणि ते फक्त दाबाखाली, म्हणजे १५ पौंडांवर मिळतात. आपला घरातला कुकर साधारण याच दाबावर चालतो. म्हणून कुकर हवाच.

आता कृती. एक लिटर पाण्यात २० ते ४० ग्रॅम मध किंवा माल्ट, त्याहून जास्त नको. किंवा २०० ग्रॅम बटाट्याचे गाळलेले पाणी एक लिटर करून त्यात २० ग्रॅम डेक्स्ट्रोज. बाटली अर्धीच भरा. आत दोन काचेच्या गोट्या टाका, म्हणजे पुढे हलवताना धाग्यांचे तुकडे होतील. झाकणाला दोन भोके पाडा. एकात कापूस घट्ट दाबून वर चिकटपट्टी लावा, हवा गाळून आत जाण्यासाठी. दुसऱ्यावर गॅरेजवाले गॅस्केटला लावतात त्या सिलिकॉनचा थर द्या, सुई त्यातून आत जाते आणि काढल्यावर भोक मिटते. म्हणजे झाकण उघडायची वेळच येत नाही. झाकणावर ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळा, कुकरच्या तळाशी जाळी ठेवा आणि पाव लिटर द्रवाच्या बाटल्यांना शिट्टी झाल्यापासून २५ ते ३० मिनिटे मंद आचेवर द्या. आपले पठार सहा-सातशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे त्याच दाबाला उष्णता किंचित कमी पडते. म्हणून पाच मिनिटे जास्तच धरा, कमी नको. आणि घाईने शिट्टी उचलून वाफ सोडू नका. आतले पाणी उसळते, कापूस भिजतो, आणि भिजका कापूस म्हणजे जंतूंसाठी उघडे दारच.

बाटली पूर्ण थंड झाल्यावर बीज सोडायचे. ते उघड्या हवेत नव्हे, तर दोन हात जातील अशी भोके पाडलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या खोक्यात. पंखा बंद, खिडकी बंद. स्पिरिटचे प्रमाण सत्तर टक्के ठेवा, निव्वळ स्पिरिट लवकर उडते आणि काम नीट करत नाही. सुई ज्योतीवर लाल करून निववा. पण एक गोष्ट बजावून सांगतो. स्पिरिटने ओले झालेले हात आणि खोके पूर्ण सुकल्याशिवाय जवळ ज्योत आणू नका. हजार बेडांपेक्षा हात मोलाचे आहेत.

गोठ्यातून आलात, शेण-पेंड हाताळली, तर त्या दिवशी हे काम नको. निदान आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून मगच बसा. आणि आणखी एक. आपण तुरी-हरभऱ्याच्या मर रोगावर ट्रायकोडर्मा लावतो. शेतात तो आपला मित्र आहे. अळिंबीच्या खोलीत मात्र हाच ट्रायकोडर्मा हिरवी बुरशी होऊन बेड खातो. बीजप्रक्रिया केली त्या दिवशी अळिंबीच्या बाटलीला हात लावू नका, आणि ट्रायकोडर्माचा डबा त्या खोलीत ठेवू नका.

सगळ्यात मोलाची गोष्ट आता सांगतो, कारण तीच सगळे टाळतात. प्रत्येक खेपेला दोन बाटल्या बीज न घालता तशाच ठेवा. त्यांना साक्षीच्या बाटल्या म्हणा. पाच दिवसांनी त्या गढूळ झाल्या, तर कुकर कमी पडला किंवा झाकणातून घाण शिरली. त्या स्वच्छ राहिल्या आणि बीज घातलेल्या गढूळल्या, तर दोष आणलेल्या बीजात किंवा आपल्या हातात आहे. दोन रुपयांच्या मधाच्या पाण्यात चूक कुठे झाली ते कळते. साक्ष नसेल तर नुसता अंदाज, आणि अंदाजावर हजार बेड लावणे याला शेती म्हणत नाहीत.

चांगली बाटली उजेडासमोर धरली की पाणी नितळ दिसते आणि त्यात पिंजलेल्या कापसासारखे पांढरे पुंजके तरंगतात. स्थिर ठेवली की पुंजके खाली बसतात, वरचे पाणी नितळच राहते. नासकी बाटली सगळीकडून दुधाळ असते, काठाला कडे धरते, बुडबुडे येतात. तरीही डोळ्यांवर पूर्ण भरवसा नको. किराणा दुकानात मिळणारा चायना ग्रास, बटाट्याचे पाणी आणि साखर यांची खळ कुकरमधून काढून उकळलेल्या झाकणाच्या काचेच्या वाटीत गोठवा. त्यावर बाटलीतला एक थेंब सोडा. चार-पाच दिवसांत पांढरे धागे पसरले तर बाटली चांगली. चिकट, चकचकीत ठिपके उठले तर सगळी बाटली पुन्हा कुकरला लावून दूर खड्ड्यात टाका. ती खोलीत उघडू नका, वास घेऊन पाहू नका.

आता वाचकहो, एक स्पष्ट बोलतो. ज्यांचे दहा-वीस बेड आहेत त्यांनी या वाटेला जाऊच नये. त्यांनी खात्रीचे धान्यावरचे बियाणे घ्यावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाअंतर्गत पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचे संशोधन केंद्र आहे, सोलनला देशाचे अळिंबी संशोधन संचालनालय आहे. आपल्या जिल्ह्यात बाभळेश्वर आणि दहिगाव-ने येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. आधी तिथे विचारा. पाकिटावर जातीचे नाव आणि तयार केल्याची तारीख नसेल, तर ती बाटली फुकट दिली तरी घेऊ नका. आणि एका बाटलीतून दुसरी, दुसरीतून तिसरी असे विरजणासारखे चालवत राहू नका. पिढ्या वाढल्या की जोम घटतो, आणि मधे कुठे घाण शिरली असेल तर ती पुढे जातच राहते.

गावातल्या कारभाऱ्यांसाठीही दोन शब्द. प्रत्येक घरात कुकर आणि सुया घेऊन बसण्यापेक्षा जिथे पाच-सहा गट अळिंबी करतात, तिथे ग्रामपंचायतीने एक स्वच्छ खोली द्यावी. दोन ताईंना कृषी विज्ञान केंद्रात नीट शिकवून आणावे. वही ठेवावी : बाटली कधी केली, साक्षीची बाटली स्वच्छ राहिली का, कोणाला किती बीज दिले. एखाद्या घरचे बेड हिरवे पडले तर वही उघडून त्या बाटलीतून आणखी कोणाकोणाला बीज गेले ते त्याच दिवशी कळेल आणि बाकीचे वाचतील. प्रशिक्षण देणाऱ्यांनीही दोन दिवसांचा कार्यक्रम, हार-तुरे आणि प्रमाणपत्रे एवढ्यावर थांबू नये. शिबिरातला एक पूर्ण दिवस बाटली तपासण्यावर घालवावा. बियाणे वाटणे सोपे असते. नासके बियाणे ओळखायला शिकवले, तरच माणूस आपल्या पायावर उभा राहतो.

हिवरे बाजारने पाणी मोजायला सुरुवात केली तेव्हा ते दुष्काळी गावच होते. मोजल्यामुळे आकाशातून जास्त पाऊस पडला नाही, पण जो पडला तो उधळला गेला नाही. अळिंबीचेही तसेच आहे. धंदा छोटा आहे, पण घरातल्या बाईच्या हातात रोख पैसा देणारा आहे. पहिल्याच वर्षी दोन खेपा नासल्या की ती बाई पुन्हा वाटेला जात नाही, आणि गावात ‘मशरूम आपल्याकडे होत नाही’ अशी अफवा कायमची बसते. होते, मंडळी, नक्की होते. फक्त पुढची खेप लावण्याआधी दोन बाटल्या रिकाम्या ठेवा आणि पाच दिवस थांबा.