झाकली मूठ आणि तक्रारीची वही

‘आमच्याकडे स्त्रियांची एकही तक्रार नाही,’ असे एखादे साहेब छाती पुढे काढून सांगतात, तेव्हा उमेदीची वर्षे बँकेत काढलेल्या माणसाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. ज्या शाखेच्या रोकडीत वर्षानुवर्षे एक रुपयाचाही फरक नोंदलेला नसतो, तिथे चाणाक्ष तपासनीस जरा जास्तच वेळ बसतो. तिथली माणसे चुकतच नाहीत असे थोडेच असते? चूक वहीवर घेण्याची तिथे सोय नसते, एवढेच. कचेरीतल्या छळालाही हाच हिशेब लागू पडतो.

हा प्रश्न कायद्याच्या दारी आणला तो राजस्थानातल्या एका खेडूत स्त्रीने. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करताना बालविवाहाला विरोध केला, म्हणून १९९२ साली भंवरीदेवींवर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल दिला; त्याचा कायदा व्हायला मात्र २०१३ साल उजाडले. दहा किंवा अधिक माणसे काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, अध्यक्षपदी वरिष्ठ स्त्री हवी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा हवा, असे हा कायदा सांगतो. समिती नेमली नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड आहे.

आता मालकवर्ग विचारतो, दावे होऊ नयेत म्हणून काय करावे? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर म्हणून भिंतीवर फलक लागतो, वर्षातून एकदा व्याख्यान होते आणि चहा-बिस्किटांनंतर हजेरीपटावर सह्या होतात. हे सारे असावेच. पण पुष्कळदा प्रकरण कोर्टात जाते ते तक्रारीनंतर कचेरी त्या स्त्रीशी कशी वागली, यामुळे.

पंजाब अँड सिंध बँकेच्या इंदूरमधील एका महिला अधिकाऱ्याचे प्रकरण प्रत्येक व्यवस्थापकाने वाचण्यासारखे आहे. त्यांनी शाखेतील गैरव्यवहार वरिष्ठांना कळवले होते आणि वरिष्ठ अधिकाऱ्याविरुद्ध छळाची तक्रारही केली होती. २०१७ च्या डिसेंबरात त्यांची बदली जबलपूर जिल्ह्यातल्या सरसवा शाखेत झाली. चौथ्या श्रेणीच्या अधिकारी त्या. शाखा मात्र पहिल्या श्रेणीच्या अधिकाऱ्याची. चौकशी समितीतील ‘बाहेरच्या’ सदस्य या बँकेच्याच पॅनेलवरील वकील असल्याचा आक्षेपही पुढे आला. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदली रद्दच ठरवली आणि बँकेला पन्नास हजार रुपये खर्चापोटी भरायला लावले.

बदली हे किती सोयीचे हत्यार आहे, हे बँकवाल्यांना वेगळे सांगायला नको. त्यावर ‘प्रशासकीय निकड’ एवढे दोन शब्द लिहिले की कोणी जाब विचारत नाही. कायद्यातही बदलीची तरतूद आहे, पण चौकशी चालू असताना, त्या स्त्रीने लेखी मागितली तर. आणि तीही तिचीच असे नाही, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचीही.

‘आणि खोट्या तक्रारींचे काय?’ हा प्रश्न लगेच येतो. पुरुष सहकाऱ्यांच्या मनातली ही भीती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाईची सोय कायद्यात आहे. मात्र आरोप सिद्ध झाला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. यावरचा खरा इलाज म्हणजे नीट, दोन्ही बाजू ऐकणारी चौकशी. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे धाडले. कारण २००९ सालची चौकशी इतक्या घाईत उरकली गेली, की त्यांना बचावाची पुरेशी संधीच मिळाली नाही. चौदा वर्षांनी सारे पुन्हा पहिल्या पानावर! यात तक्रार करणाऱ्यांच्या पदरी काय पडले आणि आरोप झालेल्याच्या तरी काय पडले? कायद्याने चौकशीला नव्वद दिवस दिले आहेत. ते रेंगाळण्यासाठी नाहीत आणि गुंडाळण्यासाठीही नाहीत.

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण घरगुती अब्रूपुरती ठीक आहे. कचेरीत झाकलेल्या मुठीवर व्याज चढत जाते आणि शेवटी मुद्दलासकट वसुली होते. म्हणून मालकांनी उद्या सोमवारी वकिलाला फोन करण्याआधी स्वतःच्या कचेरीत तीन गोष्टी पाहाव्यात. समितीवरचा बाहेरचा सदस्य खरोखर बाहेरचा आहे ना? सदस्यांची तीन वर्षांची मुदत उलटून तर गेली नाही ना? आणि गेल्या पाच वर्षांत जिने कुणी तक्रार केली असेल, ती आज कुठल्या शाखेत, कुठल्या टेबलाशी बसली आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बाकीच्या साऱ्या स्त्री कर्मचाऱ्यांना केव्हाच ठाऊक असते. तक्रार करायची की गिळून गप्प बसायचे, हे त्या त्यावरूनच ठरवीत असतात.