आरोग्यचर्चा : सांध्यांतील वायु

सांधे सुजले म्हणजे वडील मंडळी वाताला बोल लावतात. एक खराखुरा वायु या दुखण्यांत सांपडला आहे, ही मौजेचीच गोष्ट. वैद्यकांतील वाताशीं मात्र त्याचें नातें जोडूं नये. नायट्रिक ऑक्साइड हें त्याचें नांव. रक्ताभिसरणांतील त्याचें कार्य उजेडांत आणल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांस १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आर्जिनीन नामक द्रव्यापासून शरीर तो अल्प प्रमाणांत नित्य निर्माण करतें. परंतु सांध्यांत दाह उत्पन्न झाला, कीं एक निराळें विकर जागें होतें आणि तोच वायु बेसुमार निघूं लागतो. मग कूर्चेच्या पेशी नवें द्रव्य घडवीनाशा होतात, कित्येक मरतातहि. आमवाताच्या रोग्यांच्या सांध्यांतील द्रवांत त्याच्या खुणा १९९२ सालीं वाढलेल्या आढळल्या. उंदरांत तो आगाऊ रोखतां सूज पुष्कळ कमी झाली. मनुष्याच्या गुडघ्यांची झीज मात्र तशा औषधानें दोन वर्षांतहि थांबली नाहीं. तेव्हां या वायूवरील रामबाण उपाय म्हणून कोणी कांहीं विकूं लागल्यास आमच्या वाचकांनीं भुलूं नये.

सकाळीं तासभर बोटें आखडत असतील, तर तेल चोळण्यांत महिने न दवडतां डॉक्टरांस दाखवावें. मेथोट्रेक्झेटसारखीं औषधें दाह आवरतात. गेलेली कूर्चा तींहि परत आणीत नाहींत.