किलोमीटरचा हिशेब

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लोहारा तालुक्यातील सास्तूर उद्ध्वस्त केले. गाव पुन्हा वसले. परंतु कोरडवाहू शेतीवर प्रत्येक घराचे भागत नाही. म्हणून या टापूतील तरुण पुण्या-मुंबईची वाट धरतात. त्यांतील काही जण कर्जाने मोटार घेऊन मोबाइलवरून मिळणारी भाडी करतात. असा चालक पुष्कळदा स्वतःला कंपनीचा नोकर समजतो. प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने मात्र तो व्यावसायिक आहे.

व्यावसायिकाला उत्पन्नातून खर्च वजा करण्याचा अधिकार असतो. इंधन, टायर, दुरुस्ती, विमा, हप्त्यातील व्याज (मुद्दल नव्हे) आणि भाड्याच्या मोटारीवरील 30 टक्के घसारा हे असे खर्च होत. अट एकच, खर्च धंद्यासाठी झालेला हवा. दिवाळीला मुलाबाळांसह सास्तूरला केलेली फेरी धंद्याची नव्हे. परंतु पुढील प्रवाशाला आणण्यासाठी रिकामी धावलेली मोटार धंद्यासाठीच धावते. या रिकाम्या फेऱ्यांची नोंद चालकानेच ठेवली पाहिजे.

ज्याला हिशेब ठेवणे झेपत नाही, त्याच्यासाठी अनुमानित उत्पन्नाची योजना आहे. तीत बँकेतून आलेल्या जमेच्या किमान 6 टक्के आणि रोख जमेच्या किमान 8 टक्के नफा धरला जातो. मग खर्च वेगळा वजा होत नाही. परंतु प्रत्यक्ष नफा अधिक असेल, तर तोच दाखवणे सचोटीचे. तो कळण्यासाठीही वही हवीच.

'कर लागतच नाही, तर विवरणपत्र कशाला?' हा प्रश्न स्वाभाविक आहे. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर पडत नाही, हे खरे. परंतु भाड्यातून आधीच कर कापला गेला असेल, तर विवरणपत्राविना तो परत मिळत नाही. उद्या घरासाठी कर्ज मागताना बँकही हाच कागद मागते.

शासनाचेही कर्तव्य आहे. अमेरिकेने 2025 साठी धंद्याच्या प्रत्येक मैलामागे 70 सेंट वजावटीचा दर ठरवला. आपल्या कायद्याने मालमोटारींसाठी गाडीमागे दरमहा ठरावीक उत्पन्न धरण्याची सोय केली. मग प्रवासी मोटारीसाठी किलोमीटरमागे ठरावीक खर्च का मान्य होऊ नये?

तोवर उपाय आपल्या हाती आहे. सकाळी निघताना आणि रात्री परतताना मीटरवरील आकडा वहीत लिहावा, पावत्या जपाव्यात. वाणिज्य शाखेच्या सुशिक्षित कार्यकर्त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ आपल्या वस्तीतील चालकांसाठी द्यावी. कष्टकऱ्याला त्याच्या हक्काचा हिशेब शिकवणे, ही त्याच्या हाती मदतीचे चार पैसे ठेवण्याहून टिकाऊ सेवा होय.