मलाही पुणेकर म्हणूनच शिव्या द्या

१ मार्च २०२४ च्या रात्री पुणेरी पलटण पहिल्यांदा प्रो कबड्डीची विजेती झाली. हैदराबादच्या अंतिम सामन्यात तिने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं. कप्तान होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि बचावाला इराणचा मोहम्मदरझा शादलू. गंज पेठेतल्या एका चहाच्या हॉटेलात आम्ही पंधरा-वीस जण टीव्हीला चिकटून बसलो होतो. शेवटची शिट्टी वाजली आणि मी पहिलं काम काय केलं, तर परळच्या एका जुन्या मित्राला मेसेज टाकला. "बघितलंस का?" एवढंच. मिनिटाभरात उत्तर आलं, "दहा हंगाम घासल्यावर एकदाची पेन्शन मंजूर झाली म्हणायची. अभिनंदन, पेन्शनर!"

मी तो मेसेज हॉटेलात सगळ्यांना वाचून दाखवला. सगळे हसले. त्या टोमण्यात पुण्याची हेटाळणी होती आणि ती हेटाळणी माझ्या वाट्याला आली होती. पुणेकर म्हणून. मुंबईवाला मला हिणवतो तेव्हा तो नकळत एक गोष्ट मान्य करून टाकतो, ती म्हणजे हे शहर माझंही आहे. आता कुणी म्हणेल, एवढ्याशा चेष्टेत काय एवढं? ज्याला ती न मागता मिळते त्याला त्यात काही वाटणार नाही. माझ्या भाच्याला विचारा.

त्याच हंगामातली डिसेंबर २०२३ ची गोष्ट. पलटणीचे घरचे सामने बालेवाडीला होते. भाचा सतरा वर्षांचा, कबड्डीचा वेडा. हट्टाने घेतलेला पलटणीचा भगवा टी-शर्ट घालून मित्रांबरोबर गेला. मागच्या रांगेत मुंबईची काही मंडळी होती. नेहमीची खेचाखेची सुरू झाली. पुण्यात दुपारी एक ते चार चढाईला बंदी असते का, वगैरे. भाच्याची जीभ काही कमी नाही. तुमच्याकडे उभं राहायला जागा नाही, म्हणून एका पायावर बोनस घेता, असं काहीतरी त्याने ठोकलं. मागचे लोक खळखळून हसले. त्यातल्या एकाने कौतुकाने विचारलं, "काय नाव रे तुझं?" याने सांगितलं. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "मग एशियाडच्या फायनलला कुणाकडून होतास? आपल्याकडून की इराणकडून?"

पुन्हा सगळे हसले. याचे मित्रही हसले. मला वाटतं, त्याला ते जास्त लागलं.

घरी आल्यावर म्हणाला, "मामू, मैं अब नै जाता." टी-शर्ट कपाटात गेला. अंतिम सामन्याच्या रात्री तो हॉटेलातही आला नाही.

प्रश्न विचारणाऱ्या त्या गृहस्थाचं अज्ञान जरा बघू. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊला भारताने इराणला ३३-२९ असं हरवून सुवर्णपदक घेतलं. गुणांवरून तासभर खोळंबलेला तोच सामना. त्या विजेत्या भारतीय संघात अस्लम इनामदार होता. समोर इराणकडून शादलू होता. आणि दोनच महिन्यांनी बालेवाडीत ते दोघं एकाच पुणेरी रंगात, एकमेकांचा हात धरून साखळी करत होते. पुण्याने शादलूसाठी दोन कोटी पस्तीस लाख मोजले तेव्हा त्याला कुणी निष्ठेचं प्रमाणपत्र मागितलं नाही. त्या गृहस्थाच्या यू मुंबाचाही काही हंगाम कप्तान होता इराणचाच फजल अत्राचली. म्हणजे इराणहून आलेला इराणी चालतो, त्याच्यासाठी घसा फाटेपर्यंत ओरडायचं, आणि गंज पेठेतल्या पोराला विचारायचं की तू इराणचा का?

इंग्लंडमध्ये नॉर्मन टेबिट नावाच्या पुढाऱ्याने १९९० साली अशीच कसोटी काढली होती. बाहेरून आलेले लोक क्रिकेटमध्ये कोणत्या देशाला टाळ्या वाजवतात, त्यावरून त्यांची निष्ठा जोखायची. तिथे निदान स्थलांतरितांचा तरी प्रश्न होता. आम्ही कुठून आलो? कसब्यातले दर्गे पेशवाईच्या आधीचे आहेत.

यावर आपल्यातले सज्जन लोक लगेच तोडगा सुचवतात. खेळात ही चिडवाचिडवी हवीच कशाला, खेळ जोडण्यासाठी असतो, सगळे मिळून गुण्यागोविंदाने टाळ्या वाजवू या. माझा या सज्जनांशी कडाक्याचा वाद आहे. चिडवाचिडवी हवीच, आणि भरपूर हवी. कोल्हापूरकराने पुण्याच्या पैलवानाला तुपातला म्हणावं, पुणेकराने कोल्हापूरकराच्या रांगडेपणाची नक्कल करावी, नागपूरकराने आम्हा दोघांनाही मोजू नये. ही उणीदुणी काढण्यात एक कबुली असते. आपण एकाच घरातले आहोत, म्हणून भांडतो. परक्या घरातल्या भांड्याला भांडं लागत नाही. त्या संध्याकाळी बालेवाडीत चेष्टेने काहीच बिघडलं नव्हतं. चेष्टा थांबली आणि चौकशी सुरू झाली, तिथे बिघडलं.

संघ कशावरून पाडायचे हा प्रश्न आपल्याकडे पूर्वीच येऊन गेला आहे आणि त्याचं उत्तरही देऊन झालं आहे. मुंबईत १९१२ पासून चौरंगी क्रिकेट सामने होत: युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम. १९३७ मध्ये पाचवा संघ आला, 'द रेस्ट', म्हणजे उरलेले सगळे. लोक धर्म पाहून मैदानात बसत. पळवणकर बाळू नावाचा अद्वितीय डावखुरा गोलंदाज हिंदूंकडून खेळला. पण तो चांभार म्हणून पुण्यातल्या हिंदू सोबत्यांनी त्याला चहा बाहेर, मातीच्या भांड्यात दिला. धर्मावर पाडलेल्या संघात आपल्याच धर्माच्या माणसाचंही कसं होतं, ते बघा. १९४० च्या डिसेंबरात गांधीजींनी या धर्मवार सामन्यांना उघड विरोध केला. १९४६ नंतर ते बंद पडले.

त्याच काळात, १९३४ पासून, दुसरी वाट सुरू झाली होती: रणजी. तिथे तुम्ही कुठले एवढंच विचारायचं. प्रा. दि. ब. देवधरांच्या महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा चषक घेतला. १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते, ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ धावा हव्या होत्या, तर समोरच्या कप्तानाने सामनाच सोडून दिला. जुने पुणेकर ते अजून विसरलेले नाहीत. (मुंबईकर म्हणतो, आमच्याकडे बेचाळीस रणजी आहेत, तुमचा नऊ धावांचा रुसवा सांभाळा. घ्या!) असा राग आयुष्यभर जपावा. तो मुलुखाचा राग आहे, त्यात कुणाला देशाबाहेर काढायचं नसतं.

म्हणून मला म्हणायचंय, नाव ऐकून प्रश्न बदलणारा माणूस बंद पडलेले पंचरंगी सामने पुन्हा भरवतो आहे. त्याला वाटतं आपण देशभक्ती करतोय.

इथवर माझ्या बिरादरीतल्या वाचकांनी मान डोलावली असेल. आता पुढचं ऐका.

जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी पुण्यात, कोथरूडला झाली. उपांत्य लढतीत मोहोळचा सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड. गायकवाडच्या बाहेरच्या टांगेला चार गुण दिले गेले आणि गदारोळ झाला. चार की दोन, हा प्रश्न कुस्तीतला होता आणि त्यावर भांडायला जागा होती. सिकंदर घडला कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत. गायकवाड पुण्यातल्या काका पवारांचा पठ्ठा. अंतिम फेरीत त्याला हरवणारा शिवराज राक्षे राजगुरुनगरचा, तोही त्याच तालमीचा. यजमान पुणे, फायनलचे दोन्ही मल्ल पुण्याच्या एकाच वस्तादाचे. कोल्हापूरकरांनी बोंब मारली की पुण्यात भरवली, पुण्यानेच वाटून खाल्ली. झकास! असला आरोप तालमीच्या कट्ट्यावर वीस वर्षं पुरतो. त्यात खरं किती, खोटं किती हे कुणी बघत नाही आणि बघूही नये.

पण दोन दिवसांत ते भांडण कुठल्या कुठे गेलं. आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर मेसेज फिरू लागले की आपल्या पोरावर अन्याय झाला. पलीकडच्या ग्रुपांवर काय फिरत होतं ते सांगायला नको. ज्यांनी आयुष्यात तांबड्या मातीला हात लावला नाही, ते ढाक आणि टांगेवर धर्माचा निवाडा देत होते. त्यांतल्या किती जणांना ठाऊक होतं की सिकंदर आणि गायकवाड दोघंही सोलापूर जिल्ह्याचे? एक मोहोळचा, एक मंगळवेढा तालुक्यातला. गावाच्या यात्रेतल्या मैदानात शेजारी शेजारी लंगोट बांधणारी ही पोरं. 'आपला' कोण आणि 'त्यांचा' कोण, हे सोलापूरकराने ठरवायचं होतं. तो विचारलाच गेला नाही.

आणि आता माझंच. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यातच, फुलगावला, पुन्हा महाराष्ट्र केसरी झाली. अंतिम लढत सिकंदर विरुद्ध राक्षे. अर्ध्या मिनिटाच्या आत सिकंदरने त्याला चितपट केलं. आमच्या चौकात पेढे वाटले गेले. मीही खाल्ले. रात्री झोपताना डोक्यात आलं, अरे, हरला तो तर माझ्या जिल्ह्याचा पैलवान. पुण्याच्या तालमीचा. आपल्या मातीत येऊन कोल्हापूरची तालीम गदा घेऊन गेली आणि मी पेढे खातोय? परळचा मित्र पुणेरी पलटण हरल्यावर जसा नाचतो, तसा मी स्वतःच्या जिल्ह्याच्या पराभवावर नाचलो होतो. का? तर नाव बघून. सिकंदरचं कर्तृत्व थोर आहे, त्याला कुणीही पेढे वाटावेत. मोहोळने वाटावेत, गंगावेशीने वाटावेत. मी वाटायचे तर कुस्ती आवडली म्हणून वाटावेत. मी तसे खाल्ले नव्हते. बालेवाडीच्या त्या गृहस्थाने नाव ऐकून जे केलं, तेच मी उलट्या बाजूने केलं होतं.

कुणी म्हणेल, जो सतत मोजला जातो तो मोजायला शिकतोच, त्याला काय दोष? दोष आहे. अस्लम इनामदार कप्तान झाला तेव्हा आमच्या ग्रुपवर 'आपला अस्लम' चाललं होतं. आपला म्हणजे? तो नगरचा आहे, पुण्याचा कप्तान आहे. आपण त्याला ओढून मोहल्ल्यात बसवलं, की पलीकडच्यांचं काम आपणच फुकटात करून दिलं. आणि तो एखाद्या सामन्यात चढाईत बाद झाला, तर पुणेकर म्हणून त्याला चार शिव्या घालायचा माझा हक्कही गेला. मला तो हक्क हवा आहे. कप्तान चुकतो तेव्हा त्याला शिव्या देता आल्या पाहिजेत, मग त्याचं नाव काहीही असो.

आयर्लंडमध्ये हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे त्यांचे देशी खेळ आहेत, आपल्या कुस्ती-कबड्डीसारखे. १८८४ पासून त्यांची संघटना आहे. संघ परगण्याचे, खेळाडूंना पगार नाही. खेळायचं ते आपल्या गावासाठी आणि परगण्यासाठी. परगण्या-परगण्यांतली थट्टा पिढ्यान् पिढ्या चालते, आणि दोन्हीकडचे लोक एकाच स्टँडमध्ये मांडीला मांडी लावून बसतात. इराकच्या रमादीत जन्मलेला झॅक मोरादी नावाचा कुर्द मुलगा तिथल्या लीट्रिम परगण्याकडून हर्लिंग खेळला आणि २०१९ मध्ये त्याच्या संघाने डब्लिनच्या क्रोक पार्कवर लोरी मीगर चषक जिंकला. लीट्रिम म्हणजे त्या खेळातलं लिंबूटिंबू. तेव्हा त्याच्या वाट्याला जे टोमणे आले असतील, ते लीट्रिमच्या वाट्याचे. कोविडच्या काळात, ३१ जुलै २०२० ला, त्याच क्रोक पार्कच्या हिरवळीवर बकरी ईदची नमाज झाली. १९२० मध्ये ब्रिटिश फौजेने गोळ्या घालून माणसं मारली, ते हेच मैदान, म्हणजे त्यांच्यासाठी जवळजवळ तीर्थ. तिथेही द्वेष करणारे असतीलच. आयरिश लोक काही फरिश्ते नाहीत. पण परगण्याचा टी-शर्ट घातला की तू कुठला हा प्रश्न तिथे मिटतो. आपल्याकडे तो टी-शर्ट घातल्यावर सुरू झाला.

भाच्याचं काय झालं, ते सांगतो. जवळजवळ दोन वर्षं तो कबड्डी मोबाईलवर एकट्याने बघत होता. मी काही बोललो नाही. भाषण दिलं असतं तर अजून लांब गेला असता. मग ३१ ऑक्टोबर २०२५ ला पलटण पुन्हा अंतिम फेरीत आली. पुन्हा अस्लमच कप्तान. समोर दबंग दिल्ली. भाचा त्या संध्याकाळी माझ्याकडे आला, टी-शर्ट न घालता. आपण ३१-२८ असे हरलो. दोघंही गप्प बसलो होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. परळ. "तीनच गुण कमी पडले? दुपारी एक ते चार दुकान बंद होतं काय रे?"

मी फोन भाच्यापुढे धरला. त्याने वाचलं, माझ्या हातातून फोन घेतला आणि मला न विचारता टाईप केलं, "काका, तुम्ही शेवटचा कप उचलला तेव्हा मी चौथीत होतो. तुमचं दुकान कधी उघडणार?"

पलीकडून बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत राहिलं.