अशनीला उल्का म्हणणे थांबवा

डिचोलीच्या खाणपट्ट्यात काळा, जड, चकाकणारा दगड सापडला की ‘उल्का सापडली’ असे म्हणून मोकळे होण्याची आपली सवय आहे. उल्का सापडत नसते. आकाशातून वेगाने येणारा तुकडा वातावरणात तापून जी तेजस्वी रेघ ओढतो, ती उल्का. जळून उरलेला आणि जमिनीवर पोचलेला दगड वा लोहपिंड, तो अशनी.

पेडणे-डिचोलीतील मराठी शाळांचा विषय निघाला की हमखास विचारले जाते : मराठीत विज्ञानाचे शब्द आहेत कुठे? मग ‘मीटिओराइट’ तोंडावर फेकला जातो. त्या शब्दाचे पोट तरी तपासा! मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ ‘उंच हवेतले’. पाऊस, गारा, वीज, सारेच त्यात येई. म्हणून तर हवामानशास्त्राला इंग्रजीत आजही मीटिऑरॉलॉजी म्हणतात. इतक्या ढगळ शब्दाला शास्त्राने नेमकेपणा दिला. आमच्या शब्दाला तो देता येत नाही, हा न्याय कुठला?

आमच्या बाजूच्या अभिमान्यांनीही ऐकावे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांचे पाच प्रकार सांगितले. त्यांत अशनी आहे, तशी वीजही आहे. तेव्हा ‘आपल्याकडे सगळे आधीच होते’ ही बढाई टिकत नाही. शब्द होता, त्याचा अर्थ आधुनिक मराठीने घोटून नेमका केला. मराठी विश्वकोशात उल्का आणि अशनी यांतला भेद स्पष्ट आहे, तो याच परिश्रमाचे फळ. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात कोसळले ते अशनी. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर झाले तेही अशनीच्या आघाताने.

डिचोलीच्या त्या दगडाचा निकाल शाळेतच लावता येईल. लादीच्या मागच्या, झिलई नसलेल्या बाजूवर तो घासावा. तांबूस-तपकिरी रेघ उमटली तर ते आपल्याच डोंगरातले हेमॅटाइट, म्हणजे लोहखनिज. अशनीची अशी रेघ सहसा उमटत नाही. हेमॅटाइट हा शब्द मी उसना घेतला, संकोच न करता. घरातला शब्द अडगळीत टाकून उसना आणणे मात्र मला मान्य नाही.

१९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामात मराठीच्या वापरालाही वाव राहिला. तो वाव कागदावर सोडून ज्ञानव्यवहारातून आपणच माघार घेतली, तर तक्रार कोणाकडे करणार? सावंतवाडी-दोडामार्गच्या शिक्षकांनो, वार्ताहरांनो, हे तुम्हालाही लागू आहे. डिसेंबरच्या मध्यावर मिथुन राशीच्या दिशेने उल्का झरताना दिसतील. मुलांना अंगणात न्या, त्यांना उल्काच म्हणा. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर ‘अशनी’ लिहा.