स्मारकशिळेवर न कोरलेला आकडा

महाड तालुक्यातील आंबवडे या गावाला सारा कोकण ‘फौजी आंबवडे’ म्हणून ओळखतो. घरटी एक तरी मुलगा पलटणीत, ही त्या गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. शेजारच्या पोलादपूर तालुक्यात उमरठ आहे; नरवीर तानाजी मालुसऱ्यांची समाधी तेथे आहे. या मातीत शौर्याची वानवा कधीच नव्हती आणि शौर्याचे गोडवे गाणाऱ्यांचीही नाही. प्रजासत्ताकदिनी तालुक्याच्या ठिकाणी माजी सैनिकांना व्यासपीठावर बसविले जाते, शाल आणि श्रीफळ दिले जाते, छातीवरील पदकांची छायाचित्रे निघतात. समारंभ आटोपला की शाल घडी घालून पेटीत जाते आणि तो माणूस आपल्या वाडीला परततो. त्या वाडीतील रात्रीचे पुढे काय होते, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

ही उपेक्षा आजची नाही. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने महाराष्ट्रातील अनेक गावांत स्मारकशिळा बसविल्या. त्यांवरील मजकूर ठरीव असे : या गावातून इतके लढाईवर गेले, त्यांपैकी इतके कामी आले. दोनच आकडे. वजाबाकी करून मिळणारा तिसरा आकडा, म्हणजे परत आलेल्यांचा, कोणी कोरला नाही. मराठा पलटणींत कोकणी मराठ्यांच्या स्वतंत्र कंपन्या असत. मेसोपोटेमियातील कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी १४७ दिवस अडकून पडल्या; घोड्यांचे मांस खाण्याची पाळी आली, २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि कैद्यांना वाळवंटातून पायी हाकलत नेण्यात आले. त्यातून जे वाचले ते सह्याद्रीच्या कुशीतील आपापल्या गावी परतले. १९१५ सालीच डॉ. चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’वर लेख लिहिला होता. विलायतेत त्यासाठी रुग्णालये निघाली. हिंदी शिपायाच्या वाट्याला पदक आणि तुटपुंजे पेन्शन आले. हातपाय गमावलेल्यांसाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली, ती पुढे खडकीला गेली आणि आजही उत्तम काम करते. तुटलेल्या अवयवाची गणती तेव्हाही झाली. तुटलेल्या झोपेची झाली नाही.

स्वराज्यात हा हिशेब बदलावयास हवा होता. प्रत्यक्षात काय घडते? भरतीच्या दिवशी उमेदवाराची छाती सेंटिमीटरमध्ये मोजतात. ७७ आणि फुगवून आणखी ५. धावणे घड्याळावर मोजतात. निवृत्तीच्या वेळीही वैद्यकीय मंडळ बसते, रक्तदाब, साखर, दृष्टी, श्रवण यांची नोंद होते. पंधरा-सतरा वर्षे सियाचीन, राजौरी, मणिपूर येथे काढलेल्या मनाचे माप घेण्यास मात्र कोणाला फुरसत नसते. आणि हा माणूस म्हातारा नसतो! अवघ्या पस्तीस-चाळीसच्या घरात तो घरी येतो. त्याच्यापुढे निम्मे आयुष्य पडलेले असते.

पोलादपूरच्या डोंगरातील कोणत्याही वाडीत हे चित्र दिसेल. घरातील तरुण मुंबईला किंवा सुरतेला. मुले आजवर ज्याला वर्षातून दोन वेळा सुट्टीवर आलेला पाहुणा म्हणून ओळखत होती, तो बाप आता रोज ओसरीवर बसलेला. पलटणीत शंभर माणसे त्याच्या शब्दावर हलत. येथे दुधाचा हिशेबही पत्नी त्याच्यावाचून चालविते, कारण आजवर तिनेच चालविला. लग्नाच्या वरातीत फटाके वाजले की तो मागच्या दाराने बाहेर पडतो. रात्री उठून दाराची कडी पुन्हा पाहतो. चिडतो, मग गप्प होतो, मग पितो. येथे सरकारी औदार्याचा एक नमुना सांगितलाच पाहिजे. कँटीनमधून माजी सैनिकाला मद्याचा मासिक कोटा मिळतो. तो मिळण्याची व्यवस्था चोख आहे. समुपदेशकाचा असा कोटा अद्याप कोणी ठरविलेला नाही.

यावर आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की, ही सारी अमेरिकन थेरे आहेत. आपला जवान कणखर आहे. आघातोत्तर तणावाच्या विकाराला अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने व्हिएतनामच्या युद्धानंतर, १९८० साली, अधिकृत नाव दिले हे खरे. पण नाव त्यांचे म्हणून दुखणेही त्यांचे, हा कोणता न्याय? महाभारतातील सर्वांत मोठे पर्व युद्धाचे नाही, युद्ध संपल्यानंतरचे आहे. विजयी युधिष्ठिराला राज्य नकोसे झाले, तो वनात जाण्याची भाषा बोलू लागला. त्याला गप्प बस असे कोणी सांगितले नाही. भाऊ बोलले, द्रौपदी बोलली, व्यास आणि श्रीकृष्ण बोलले, शेवटी त्याला शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडे नेण्यात आले. शांतिपर्व हे त्या दीर्घ संवादाचे नाव आहे. सम्राटाला जे लागले ते पोलादपूरच्या हवालदाराला लागणार नाही, असे मानणाऱ्यांनी कणखरपणाचा अर्थ पुन्हा तपासावा.

दुसरा आक्षेप सरकारी कागदावर असतो आणि तो अधिक निर्दय आहे. मनोविकार झालेल्या जवानाला घरी पाठविताना वैद्यकीय मंडळ एक ठरीव वाक्य लिहिते : विकार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. म्हणजे भरती करताना जो निरोगी होता, तो नंतर आपल्याच प्रकृतिदोषाने बिघडला! धरमवीर सिंग यांच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रवेशाच्या वेळी रोगाची नोंद नसेल तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही. तरीही झगडे चालूच राहिले. १९८८ साली भरती झालेल्या एका शिपायाला १९९८ साली स्किझोफ्रेनियाचे निदान करून घरी पाठविण्यात आले. मंडळाने आपल्या मताला कारणे दिली नव्हती, म्हणून ते मत ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते मे २०२५ मध्ये. सत्तावीस वर्षे! ज्याचे मन विकल झाले आहे त्यानेच वकील गाठावा, तारखा सांभाळाव्यात आणि दिल्लीपर्यंत चिकाटी दाखवावी, अशी ही व्यवस्थेची अपेक्षा आहे.

योजना नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा अशा उपचाराला हक्क मानतो. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी त्याचा विशेष कक्षही उघडला. ही चांगलीच पावले आहेत. परंतु जो माणूस पत्नीजवळ बोलत नाही, तो अनोळखी क्रमांक फिरवून बोलेल, ही आशा कागदावरची. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अलिबागला, पोलादपूरपासून शंभराहून अधिक किलोमीटर. नौदलाचे मोठे रुग्णालय मुंबईत कुलाब्याला. दोन एस.टी. बदलून ‘माझे डोके ठीक नाही’ हे सांगायला कोण जाईल? त्याआधी घरचे त्याला गावच्या भगताकडे नेतात, आणि त्यांना हसण्याचा अधिकार शहरी मंडळींना नाही; कारण भगत निदान हाकेच्या अंतरावर असतो व सगळे ऐकून घेतो.

खरा उपाय याच अंतरात आहे. सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक हे पद असते आणि त्यावर बहुधा माजी सैनिकच असतात. पेन्शनचे कागद, मुलांची शिष्यवृत्ती, घरपट्टीची सवलत यांसाठी माणसे त्यांच्याकडे येतात. त्यांनाच मानसिक प्रथमोपचाराचे शिक्षण देऊन, निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात प्रत्येक घरी जाण्याचे बंधन का घालू नये? फौजी हा फौजीशीच बोलतो. पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी मनोविकारतज्ज्ञ मिळावा आणि त्या वाराची वार्ता माजी सैनिकांच्या संघटनेने वाडीवाडीत पोहोचवावी. याला नवी इमारत लागत नाही, उद्घाटनाचा दगडही लागत नाही. कदाचित म्हणूनच ते होत नसावे.

समाजाचाही वाटा आहे आणि त्यासाठी दूर जावे लागत नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली पलटणीतून निवृत्त झाले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी घेऊन उभे राहिले. १८९५ साली महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले तेव्हा सुभेदार सवादकरांसारखे निवृत्त फौजी व्यवस्थेत पुढे होते. पलटणीतून आल्यावर त्यांच्या हाती काम होते आणि त्यांच्या शब्दाला वजन होते. आजच्या निवृत्त हवालदाराला आपण काय देतो? मुंबईतील एखाद्या सोसायटीच्या फाटकावरची खुर्ची आणि वर्षातून दोनदा व्यासपीठावरची.

हा प्रश्न आता आणखी तरुण होणार आहे. जून २०२२ मध्ये घोषित झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना कायम ठेवण्याची तरतूद होती. बाकीच्यांना सेवानिधीची रक्कम आहे. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि म्हणून त्या आरोग्य योजनेचे कार्डही नाही. पहिली तुकडी २०२३ च्या आरंभी प्रशिक्षणाला उभी राहिली. पंचविशीच्या आसपास घरी परतणारी ही मुले महाड-पोलादपूरच्याही वाड्यांतील असतील, आणि सैनिक कल्याण कार्यालयाच्या नोंदवहीत त्यांचे नाव कोणत्या रकान्यात घालावयाचे, हे ठरविण्याचे काम दिल्लीचे आहे.