आराम किती आणि अपाय किती?



महाशिवरात्रीच्या यात्रेला तुमच्यापैकी काही जण औंढा नागनाथला गेले असतील. आमच्या हिंगोली जिल्ह्यातले हे ज्योतिर्लिंग. एका वर्षी यात्रा आटोपून मुले कॉलेजात परत आली, तेव्हा तासाच्या शेवटी एकाने हात वर केला आणि विचारले, “सर, शंकराला भांग चालते, मग माझ्या मावशीला गांजा का चालू नये?”

सगळा वर्ग हसला. तो मात्र हसला नाही, म्हणून मी त्याला थांबवून घेतले. त्याच्या मावशीला मल्टिपल स्क्लेरॉसिस नावाचा आजार आहे. रात्री पाय लाकडासारखे ताठ होतात आणि झोप लागत नाही. परदेशात या आजारावर गांजापासून केलेले औषध देतात, असे कोणीतरी सांगितले आणि घरात दोन तट पडले. एक तट म्हणे, “वनस्पतीच तर आहे, तीही देवाची! तिने काय होणार?” दुसरा म्हणे, “नशेची वस्तू आहे, नाव काढू नका.” भांडण मोठे होते, पण दोन्ही बाजूंकडे एकही आकडा नव्हता. आज मी तुम्हाला जे सांगणार आहे ते या आकड्यांबद्दल.

आधी आजार समजून घेऊ. विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टन असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या शरीरातील पुष्कळशा मज्जातंतूंवरही मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते. ज्या तंतूंवर ते नसते त्यांतून संदेश सेकंदाला साधारण १ मीटर वेगाने जातो. वेष्टन असलेल्या जाड तंतूंतून हा वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत पोहोचू शकतो. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून मेंदूतील आणि मज्जारज्जूतील या वेष्टनावर हल्ला करते. वेष्टन जागोजागी उखडते, संदेश रेंगाळतात किंवा वाटेतच अडतात. मग कोणाची दृष्टी अंधूक होते, कोणाचा तोल जातो, कोणाचे स्नायू ताठरतात. हा आजार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. शिवाय एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. पुष्कळ रुग्णांची स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग हळूहळू मंदावतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

आता वनस्पतीकडे वळू. भांग, गांजा आणि चरस एकाच झाडापासून मिळतात. भांग पानांची, गांजा मादी झाडाच्या फुलोऱ्याचा आणि चरस त्याच्या राळेचा. त्यातील नशा आणणारे मुख्य द्रव्य टीएचसी. इस्राएलमधील मेकूलम आणि गाओनी यांनी १९६४ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पुढे कळले की मेंदूतील पेशींवर या द्रव्याला धरून ठेवणारी खास ठिकाणे असतात आणि स्मरणाशी संबंध असलेल्या भागात ती दाट असतात. मग निसर्गाने ही ठिकाणे गांजासाठी केली होती काय? मुळीच नाही! आपला मेंदू स्वतःच त्या ठिकाणी बसणारे एक द्रव्य तयार करतो. १९९२ साली ते सापडले तेव्हा शोधकांनी आपल्या ‘आनंद’ या शब्दावरून त्याचे नाव ‘आनंदामाइड’ असे ठेवले.

म्हणजे मावशीच्या ताठरतेवर या द्रव्याचा परिणाम होणे अशक्य नाही. ब्रिटनमध्ये सहाशेहून अधिक रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. काहींना या झाडाच्या द्रव्यांच्या कॅप्सूल दिल्या, तर काहींना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या कॅप्सूल. तज्ज्ञांनी हातापायांची ताठरता तपासली तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मात्र खरे औषध घेणाऱ्यांपैकी अधिक जणांनी “आराम वाटतो” असे सांगितले. पुढे अशा द्रव्यांचा ठरावीक मात्रेचा, तोंडात मारायचा फवारा तयार झाला. कॅनडाने २००५ साली आणि ब्रिटनने २०१० साली या रुग्णांसाठी त्याला परवानगी दिली. तेव्हा “याचा काहीच उपयोग नाही” असे म्हणणारा तट चुकला.

आता दुसऱ्या तटाची परीक्षा घेऊ. आधी एक प्रयोग करून पाहा. मित्राला दर तीन सेकंदांनी एकेक अंक वाचायला सांगा. प्रत्येक नवा अंक त्याच्या लगेच आधीच्या अंकात मिळवून बेरीज सांगायची. ३, ७, २, ६ असे अंक आले तर उत्तरे १०, ९, ८. सोपे वाटते ना? आता मित्राला दर दोन सेकंदांनी वाचायला सांगा. घाम फुटेल! ही करमणूक नव्हे. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णांची विचारशक्ती मोजण्यासाठी डॉक्टर याच धर्तीची चाचणी वापरतात.

कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांनी गांजा घेणारे २० आणि न घेणारे १९ रुग्ण तपासले. हे काम २०१४ साली प्रसिद्ध झाले. दोन सेकंदांच्या चाचणीत गांजा घेणारे मागे पडले. एमआरआय यंत्रात झोपवून त्यांना स्मरणाचे काम दिले तेव्हा त्यांच्या चुका जास्त झाल्या; उलट मेंदूचे काही भाग मात्र अधिक राबताना दिसले. जणू चढावर रुतलेली गाडी: इंजिन जोरात, वेग कमी. दोन गटांच्या मेंदूच्या रचनेत मात्र फरक सापडला नाही. पुढच्या वर्षी त्याच संशोधकांनी आणखी बारकाईने पाहिले. मेंदूच्या काही भागांचे आकारमान जितके कमी, तितकी विचारशक्ती अधिक खालावलेली, हा संबंध गांजा घेणाऱ्यांत जास्त ठळक होता.

झाला का निकाल? थांबा! आमच्या औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारायला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा सुमारे ३००० किलोमीटर अंतरावर आहेत. दोन कशाला? एकीजवळून मालमोटार गेली तरी तिची हालचाल होते. दोन्हींकडे जुळणारी खूण मिळाली तरच ती आकाशातून आली असे मानायचे. मोजलेल्या हालचालीला दुसरे काही कारण नाही ना, हे आधी तपासायचे असते. इथेही एक मालमोटार लपलेली असू शकते. ज्यांचा आजार मुळातच अधिक त्रासदायक, तेच गांजाकडे वळले असतील तर? मग दोष गांजाचा की आजाराचा?

ही शंका फेडण्यासाठी त्याच संशोधकांनी नामी युक्ती काढली. गांजा नियमित घेणारे ४० रुग्ण घेतले. त्यांतील निम्म्यांनी तो २८ दिवस बंद ठेवला, निम्म्यांनी चालू ठेवला. कोणी कोणत्या गटात जायचे हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले आणि लघवी तपासून खात्री केली. २०१९ साली निकाल प्रसिद्ध झाला: ज्यांनी सोडला त्यांची स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग सुधारला, चालू ठेवणाऱ्यांत तशी सुधारणा झाली नाही. प्रयोग लहान होता आणि आपण गांजा सोडला आहे हे रुग्णांना ठाऊक होते, हेही सांगितले पाहिजे. पण आजार तोच, माणसे तीच आणि बदलले एकच. म्हणून मला हा पुरावा वजनदार वाटतो. “वनस्पतीच आहे, तिने काय होणार” म्हणणारा तटही चुकला.

माझे मत असे आहे. आराम आणि अपाय ही एकाच तराजूची दोन पारडी नव्हेत. ती दोन वेगळी मापे आहेत आणि एकाच माणसात दोन्ही एकदम सापडू शकतात. पायाला आराम मिळाला म्हणून मेंदूचे नुकसान टळत नाही आणि मेंदूला अपाय होतो म्हणून पायाचा आराम खोटा ठरत नाही. ज्या रुग्णाची विचारशक्ती आजारानेच घटते आहे, तिला दोन्ही आकडे सांगून मगच निर्णय घेऊ दिला पाहिजे. ब्रिटिश सरकारने १८९३ साली भारतात गांजा-भांगेची चौकशी करायला आयोग नेमला, तेव्हा हजारावर साक्षीदारांची मते नोंदवली गेली. मते गोळा करण्याची सवय आपल्याला जुनी आहे. आता अशी मापे आपल्या रुग्णांवर, आपल्या इस्पितळांत, मराठीत तयार केलेल्या चाचण्यांनी घेतली जावीत. तुमच्यापैकी कोणी ती घेईल, अशी माझी इच्छा आहे.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, “अरे, कोणाकडून पुडी आणून मावशीला देऊ नकोस. १९८५ च्या कायद्याने तो गुन्हा आहेच; शिवाय पुडीत टीएचसी किती हे कोणालाच ठाऊक नसते. ताठरतेवर दुसरी औषधे आहेत, व्यायामोपचार आहेत. मावशीला मज्जाविकारतज्ज्ञांकडे घेऊन जा आणि पायाबरोबर स्मरणशक्तीचेही विचार.” तुमचा मेंदू तर विशीच्या पलीकडेपर्यंत घडत असतो; तेव्हा “देवाचा प्रसाद” म्हणून यात्रेत कोणी पेला पुढे केला, तर हात जोडून नको म्हणा.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. मावशीने ती अंकांची चाचणी घरी करून पाहिली होती. “सर, तीन सेकंदांत जमले, दोन सेकंदांत नाही,” तो म्हणाला, “आणि माझेही तसेच झाले!” आम्ही दोघेही हसलो. त्याच्या घरात आता एक तरी आकडा होता.